खाली मान घालून बघायचा कॅमेरा

गेल्या दिवाळीच्या आधी मी जुना हॅसलब्लाड ५०० सी/एम घेतला. बॉडी, ८० मिलिमीटरची प्लॅनर लेन्स, वरून बघायचा फाइंडर आणि ए-१२ मॅगझिन म्हणजे मागं लागणारी रिळाची डबी, सगळं मिळून १,६५,००० रुपये. पुण्यातल्या एका निवृत्त जाहिरात फोटोग्राफरच्या घरी तो वीस वर्षं कपाटात पडून होता. निपाणीसारख्या गावात लग्नाच्या फोटोंवर पोट असलेल्या माणसानं एवढे पैसे फिल्मच्या कॅमेऱ्यात घालावेत का, हे मला बायकोनं विचारलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं, सोसायटीतल्या मॅनेजरनंही विचारलं. वर्ष झालं. ३४ रिळं झाली. आता नीट उत्तर देता येईल.

कमरेशी धरून वरून बघायचा कॅमेरा आमच्या घरात नवा नाही. आप्पांकडे येशिका होता, दोन डोळ्यांचा. १२० चं रीळ, चौकोनी फोटो, एका रिळात बारा. निपाणीतल्या कितीतरी घरांत काळ्या कागदाच्या अल्बममध्ये आप्पांनी काढलेले ते चौकोन अजून आहेत. वखारीतून सुटल्यावर तशाच पदर खोचून आलेल्या बायका, फेटा बांधलेले सासरे, खुर्चीवर उभं केलेलं पोर. मी हॅसलब्लाड घरी आणला तेव्हा आप्पांनी तो आधी वजन केल्यासारखा हातावर तोलला, दीड किलोच्या आसपास भरतो तो. मग झाकण उघडून आत बघितलं, माझ्यावर फोकस केला आणि बटण दाबलं. धप्प. ‘अरे, अंधार झाला की,’ म्हणाले.

होतोच. येशिकात बघायची लेन्स वेगळी आणि काढायची वेगळी, त्यामुळे फोटो काढतानाही समोरचा माणूस दिसत राहतो. हॅसलब्लाडमध्ये एकच लेन्स. बटण दाबलं की आरसा वर जातो आणि वरच राहतो. उजवीकडची क्रँक पूर्ण एक वळसा फिरवल्याशिवाय तो खाली येत नाही. म्हणजे प्रत्येक फोटोनंतर फाइंडरमध्ये काळोख. पुढचा फोटो हवा असेल तर हात फिरवायचा, मग समोरचा माणूस परत दिसतो, आणि दिसतो तोही डावा-उजवा उलटा. पहिले दोन महिने मला याचा त्रास झाला. मोबाइलवर एका सेकंदात दहा फोटो काढायची सवय लागलेला हात होता. आता मला हा काळोखच या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. का, ते सांगायला मला एका माणसाकडे जावं लागेल, कारण खरं तर त्याच्यामुळेच मी हा कॅमेरा घेतला.

१९९६ साली मी कोल्हापुरात चित्रकला शिकत होतो. एकदा सर वर्गात झेरॉक्सचा एक कागद घेऊन आले. त्यावर कॅला लिलीचं एकच फूल. झेरॉक्समध्ये मधल्या राखाडी छटा मेल्या होत्या, नुसतं काळं आणि पांढरं उरलं होतं. तरी त्या पाकळीची कड अशी फिरली होती की वर्ग गप्प झाला. सर म्हणाले, ‘हा रॉबर्ट मॅपलथॉर्प. याच्या फोटोंवरून अमेरिकेत खटला झाला.’ आम्ही सगळ्यांनी परत फुलाकडे बघितलं. ज्या फोटोंवरून खटला झाला ते सरांनी आणले नव्हते. ते मी फार पुढे, इंटरनेट आल्यावर बघितले, आणि काही बघून मान फिरवली, हेही सांगतो. पण ते फूल आणि ते फोटो एकाच माणसानं, एकाच प्रकारच्या चौकटीत, तितक्याच काळजीनं काढले होते, हे कळल्यावर मी त्याला सोडू शकलो नाही.

मॅपलथॉर्प १९४६ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फ्लोरल पार्कला जन्मला. कॅथलिक घर, सहा भावंडांत तिसरा. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये कला शिकला, पदवी न घेताच बाहेर पडला. सुरुवातीला तो फोटोग्राफर नव्हताच. मासिकांतली चित्रं कापून कोलाज करायचा. दुसऱ्यांचे फोटो कापण्यापेक्षा आपलेच काढावेत म्हणून १९७० साली त्यानं पोलरॉइड, लगेच छापील फोटो देणारा कॅमेरा, हातात घेतला, आणि १९७३ साली पोलरॉइडचंच पहिलं स्वतंत्र प्रदर्शन केलं. मग त्याच्या आयुष्यात सॅम वॅगस्टाफ हा संग्राहक आला आणि १९७५ च्या सुमारास त्याच्याकडून हॅसलब्लाड मिळाला. माझ्या मते त्याची खरी कारकीर्द तिथून सुरू होते. पोलरॉइडमध्ये काढला, बघितला, चालला. या कॅमेऱ्यानं त्याला एका जागी उभं केलं.

त्याच १९७५ साली त्यानं गायिका पॅटी स्मिथचा तो पांढऱ्या शर्टातला फोटो काढला, कोट खांद्यावर टाकलेला आणि मागच्या भिंतीवर उजेडाचा त्रिकोण. त्या दिवशी त्यानं बाराच फोटो काढले, असं स्मिथनं लिहून ठेवलं आहे. एका १२० च्या रिळात बसतात तेवढे. त्यातला एक तिच्या पहिल्या रेकॉर्डचं कव्हर झाला. मी लग्नात एका दिवसात तीन हजार फोटो काढतो आणि त्यातले दीडशे अल्बमला देतो. तो बाराचा आकडा वाचल्यापासून मला त्या तीन हजारांची लाज वाटते.

पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यानं जे केलं ते ढोबळपणे तीन संचांत मांडता येतं, आणि त्यानं स्वतःच ते तसं मांडलं. एक्स, वाय आणि झेड, प्रत्येकात १३ फोटो. पहिले दोन १९७८ चे, तिसरा १९८१ चा. एक्समध्ये न्यूयॉर्कच्या समलिंगी वर्तुळातले उघड कामक्रीडेचे फोटो. वायमध्ये फुलं. झेडमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांची शरीरं. लोकांना तो एक्समुळे ठाऊक आहे. मला विचाराल तर त्याचं खरं धाडस हे की त्यानं तीन वेगवेगळे उजेड वापरले नाहीत. फुलाला जी स्वच्छ पार्श्वभूमी, कडेला जी धार, सावलीत जी मऊ उतरण, तीच देहाला. शेवटच्या वर्षांत त्यानं संगमरवरी पुतळ्यांचे फोटो काढले, तेही तसेच. बघणाऱ्याची पंचाईत तिथं होते. फूल सुंदर म्हणून झालेलं असतं, आणि पुढचं पान उलटलं की तोच उजेड नको तिथं पडलेला.

आता आमच्याकडचं सांगतो. आम्ही दिगंबर जैन. आजी मला लहानपणी दर अमावास्येला तवंदी घाटाखाली स्तवनिधीला घेऊन जायची. भोज गाव आमच्यापासून लांब नाही, आचार्य शांतिसागर महाराज तिथले. चातुर्मासात मुनी गावात आले की रस्त्यात सडा पडायचा, बायका कलश घेऊन उभ्या राहायच्या, आणि अंगावर सूतही नसलेला माणूस हातात मोरपिसांची पिंछी घेऊन मधून चालत जायचा. शाळेची सहल श्रवणबेळगोळला गेली तेव्हा दहावीतल्या आम्ही ऐंशी पोरांनी ५७ फुटी गोमटेश्वर खालून वर बघितला. पायावरून मांडीवर चढलेल्या वेली, वर तो शांत चेहरा. कुणी हसलं नाही. उघडा देह म्हटला की तो अश्लील, हे मला घरानं कधी शिकवलंच नाही. म्हणून मॅपलथॉर्पचे फोटो बघताना माझा प्रश्न वेगळा असतो: या देहाकडे बघणाऱ्यानं मान खाली घातली होती का?

हा कॅमेरा ती अक्षरशः घालायला लावतो. डोळ्याला लावायचा कॅमेरा समोरच्यावर बंदूक धरल्यासारखा असतो. हा छातीशी किंवा पोटाशी धरायचा, मान वाकवून काचेत बघायचं. समोरच्याला तुमचा चेहरा दिसत राहतो, आणि तो वाकलेला दिसतो. यानं माणूस किती सैल होतो ते मी आमच्या गल्लीतल्या वस्तादांच्या वेळी बघितलं.

वस्ताद एकाहत्तरचे. तरुणपणी कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या केलेले, दोन्ही कान मोडलेले. आता तालमीत पोरांना घेतात. मी घाबरत विचारलं, ‘वस्ताद, लंगोटावर बसाल का? एक रीळ काढतो.’

‘आता मातीत उतरताना माणूस कोट घालून उतरतोय व्हय रं?’ म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसून, ‘पर एक सांगतो बाळ. डोस्कं घे माझं फोटोत. नुसतं अंग काढू नको. अंगाला नाव नसतंय.’

तालमीत पूर्वेला एकच खिडकी आहे. सकाळी आठला उजेड थेट हौद्यावर येतो. नुकतीच माती खणून त्यात ताक, तेल, हळद घातलेली, वास नाकात बसत होता. भिंत चुन्याची, तीच मागं धरली. दुसऱ्या बाजूला दोन पोरांना पांढरी चादर धरून उभं केलं. हॅसलब्लाड तिकाटण्यावर, एचपी-५ चं रीळ, ५.६ ला साठावा भाग सेकंद. वस्ताद ओट्यावर बसले, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. मी भिंग वर करून फोकस करत होतो. काचेवर खांदा आला, त्यावरचा जुना टाके घातलेला व्रण आला, मग कोपर. कोपरावर कालची माती वाळून तडकली होती, तळ्याचा तळ उन्हात तडकतो तशी, आणि त्या भेगांतून खालची कातडी दिसत होती. बटण दाबलं. धप्प, काळोख. क्रँक फिरवली. वस्ताद परत दिसले, पण तेवढ्या वेळात त्यांनी श्वास सोडला होता आणि पोट खाली आलं होतं. पैलवानाची छाती काढून बसलेला माणूस गेला आणि एक म्हातारा समोर आला. सातवा फोटो तो. त्या काळोखानं मला तो दिला. सलग काढत सुटलो असतो तर त्यांनी छाती सोडलीच नसती.

रीळ धुणं हा वेगळा भाग. निपाणीत आता १२० चं रीळ धुवून देणारं कुणी नाही. बाहेरगावच्या एका लॅबला पहिली तीन रिळं पाठवली, त्यातलं एक लांबच लांब ओरखडा घेऊन परत आलं. तेव्हापासून न्हाणीघरात मीच धुतो. आयडी-११ या रसायनात २० अंशांना साडेसात मिनिटं. पण एप्रिलमध्ये आमच्या टाकीतलं पाणी ३० च्या वर असतं, म्हणून कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बादलीत सोडतो आणि थर्मामीटरकडे बघत बसतो. मॅपलथॉर्प स्वतः डार्करूममध्ये उतरत नसे, त्याचे प्रिंट टॉम बॅरिल हा मुद्रक करायचा. ही एक गोष्ट मला त्याची घेता आलेली नाही आणि घ्यायचीही नाही. ओल्या रिळावर सातवी चौकट उजेडात धरून बघितली तेव्हा न्हाणीघरात मी एकटा होतो, तो आनंद दुसऱ्याला देण्यासारखा नव्हता.

जानेवारीत बेळगावला आम्ही पाच जणांनी मिळून प्रदर्शन केलं. वस्तादांचा फोटो वीस बाय वीस इंचाचा, मधल्या भिंतीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी संयोजकांपैकी एकांचा फोन आला: शाळेची मुलं येणार आहेत, बायका येतात, तो फोटो तेवढा उतरवून ठेवूया. मी म्हटलं, याच शाळेची सहल किल्ल्यात कमल बस्तीला जाते, तिथं तीर्थंकरांची मूर्ती बघते. इथं तर माणूस लंगोट नेसलाय. ‘ते देऊळ आहे,’ म्हणाले. मी पोचेपर्यंत फोटो भिंतीकडे तोंड करून टेबलाखाली ठेवलेला होता. खिळा तसाच होता.

त्या दिवशी मला वॉशिंग्टनची गोष्ट पहिल्यांदा आतून कळली. मॅपलथॉर्प ९ मार्च १९८९ ला एड्सनं गेला, वय ४२. त्याच्या १७५ फोटोंचं मोठं प्रदर्शन तेव्हा शहरोशहरी फिरत होतं. त्याला सरकारी कलानिधीतून ३०,००० डॉलर मिळाले होते, यावरून खासदार खवळले, आणि वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीनं उद्घाटनाला तीन आठवडेही राहिले नसताना प्रदर्शन रद्द केलं. ३० जूनच्या रात्री लोक गॅलरीबाहेर जमले आणि त्यांनी त्याचे फोटो प्रोजेक्टरनं गॅलरीच्याच दर्शनी भिंतीवर टाकले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये प्रदर्शन सिनसिनाटीला गेलं, तिथं संग्रहालय आणि त्याचा संचालक डेनिस बॅरी यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. प्रदर्शनासाठी एखाद्या संग्रहालयावर असा खटला अमेरिकेत पहिलाच. १७५ पैकी सात फोटो कोर्टात आले. न्यायाधीशांनी ज्युरीला फक्त ते सातच बघायला सांगितलं, बाकीचं प्रदर्शन नाही. बचाव पक्षानं जाणकार उभे केले, त्यांनी उजेड, रेषा, चौकट समजावून सांगितली. ५ ऑक्टोबर १९९० ला सगळे निर्दोष सुटले.

आपल्याकडेही हे नवं नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या एका दिवाळी अंकातल्या कथेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते तिथं सुटले. २०१४ साली त्याच न्यायालयात बोरिस बेकर आणि त्याच्या भावी बायकोचा एक उघडा फोटो आला होता, तो काढला होता तिच्या वडिलांनी. न्यायालयानं तो अश्लील नाही म्हटलं, चित्र कशासाठी काढलं आणि त्यातून काय सांगितलं जातंय ते पूर्ण बघा म्हटलं. देवळातल्या मूर्तींना तर कायद्यातच सूट आहे. संयोजकांचं ‘ते देऊळ आहे’ हे तसं कायद्याला धरूनच होतं. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही.

पण मॅपलथॉर्पचं सगळंच मी डोक्यावर घेत नाही. सिनसिनाटीच्या कोर्टात आलेल्या त्या सातांपैकी दोन फोटो लहान मुलांचे होते. आयांच्या संमतीनं काढलेले, तरी माझ्या स्टुडिओत ते मी काढले नसते. आणि १९८० चा त्याचा एक प्रसिद्ध फोटो आहे, सुटातल्या एका काळ्या माणसाचा, लिंग उघडं, आणि डोकं चौकटीबाहेर. उजेड निर्दोष आहे, सुटाच्या कापडाचा पोतही हाताला लागतो. पण तो माणूस कोण? कृष्णवर्णीय लेखकांनी आणि कलावंतांनी हे विचारलं आहे. मला ते वस्तादांनी सांगितलं. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनात डोकं मावत नाही असं कधी होत नाही, एक पाऊल मागं सरकलं की मावतं. आणि तो पाऊल मागं घेऊ शकत होता. १९८८ चं त्याचं स्वतःचं चित्र बघा, काळ्यात बुडालेलं शरीर, पुढे कवटीच्या मुठीची काठी धरलेली मूठ लख्ख, आणि मागं चेहरा किंचित पुसट. शरीर सगळं गेलंय आणि चेहरा ठेवलाय. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यानं डोकं कापलं नाही.

कॅमेऱ्याकडे परत येतो, कारण विकत घेणाऱ्यांना तेच हवं असेल. ५०० सी/एम १९७० पासून १९९४ पर्यंत बनत होता, त्यामुळे बाजारात मिळतो. त्यात बॅटरी नाही, मीटर नाही, उजेड स्वतः मोजायचा. शटर लेन्समध्ये असल्यानं फ्लॅश पाचशेव्या भागालाही जुळतो, स्टुडिओवाल्यांना याची किंमत कळेल. घेताना शटरचा एका सेकंदाचा स्पीड कानानं ऐका, जुन्या लेन्समध्ये तो रेंगाळतो. मॅगझिनची फोमची सील बघा, ती कालांतरानं जातेच, नवी बसवून घ्या. लेन्स बदलताना बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणून ठेवलेल्या, असल्या पाहिजेत. हे विसरून मी ती एकदा अडकवून बसलो होतो, मागून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून अक्ष फिरवायला दुपार गेली. रीळ हजाराच्या आसपास पडतं, रसायन धरून एका फोटोला शंभर रुपये धरा. लग्नाला, वाढदिवसाला, धावत्या पोरांना हा कॅमेरा घेऊ नका. ज्याला बसवून बघायचं आहे त्याच्यासाठी घ्या, आणि मग पैशांचा हिशेब पुन्हा करू नका. मी केलेला नाही.

प्रदर्शन संपल्यावर वस्तादांचा फोटो मी त्यांच्या घरी न्यायला निघालो होतो. ते म्हणाले, घरी कशाला, तालमीत लाव. मारुतीच्या शेजारी लावला. चार दिवसांनी निरोप आला, काच काढून टाक, रातच्याला तिच्यात नुसता दिवा दिसतोय. काढली. पोरं मातीच्या हातांनी बोट लावून व्रण दाखवतात, आता खालच्या कोपऱ्यात तेलाचा डाग पडला आहे. सातव्या चौकटीची निगेटिव्ह मी वेगळ्या पाकिटात ठेवली आहे, दोन वर्षांनी नवा प्रिंट करून द्यावा लागेल.